हतनूरची बदकं आणि लाखाचं बजेट: आधी बॉडी की आधी काच?

प्रश्न थोडक्यात असा. हाताशी निकॉन डी५६०० आणि त्याच्याबरोबर आलेली ७०-३०० लेन्स आहे. हिवाळ्यात हतनूर धरणाच्या फुगवट्यावर, चांगदेवकडच्या काठावरून बदकं टिपायची. पुढे पाल-यावलच्या जंगलात जायचं. एरवी शेताच्या बांधावर जे दिसेल ते. पक्षी फार लहान येतो आणि मोठा करून पाहिला की पिसांचा लगदा होतो. लाखाच्या आतबाहेर खर्चाची तयारी आहे. तर २००० मिमी झूमचा, लेन्स न निघणारा निकॉन पी९५० घ्यावा, नवी मिररलेस (आरसा नसलेली) बॉडी घ्यावी, की निकॉनचाच वापरलेला डी५०० शोधावा? जुनं घेताना काय तपासावं, आपल्याकडच्या उन्हापावसात ते कसं टिकवावं, आणि ती ७०-३०० विकून टाकावी का?

भाऊ, बॉडी आहे ती राहू द्या. सगळे पैसे आधी लेन्सवर घाला. निकॉनची २००-५०० एफ ५.६, वापरलेली पण स्वच्छ, तुमच्या डी५६०० वर लावा आणि एक अख्खा हिवाळा काढा. ही लेन्स वापरलेली घेतली तर लाखाच्या बरीच आत बसते. बॉडी बदलायची की नाही, हे त्यानंतर तुमचं तुम्हालाच कळेल. असं का, ते सांगतो.

दुकानात झूमचा आकडा सांगतात. तो जवळपास निरुपयोगी आहे. दूरच्या पक्ष्याचा किती तपशील हाती येणार, हे मुख्यतः लेन्सच्या तोंडातून किती प्रकाश आत येतो यावर ठरतं. ते तोंड मोजायला सोपं आहे: खरी फोकल लेंथ भागिले एफ आकडा. तुमची ७०-३०० शेवटच्या टोकाला एफ ६.३ आहे, म्हणजे ३०० भागिले ६.३, साधारण ४८ मिमी. २००-५०० चं तोंड ८९ मिमी. टॅमरॉन किंवा सिग्माच्या १५०-६०० ला एफ ६.३ वर ९५ मिमी. कॅननची जुनी ४०० एफ ५.६ घेतली तर ७१. आणि पी९५०? त्याच्यावर २००० लिहिलंय, पण ती ३५ मिमी फिल्मच्या कॅमेऱ्याशी तुलना करून काढलेली संख्या. खरी फोकल लेंथ ३५७ मिमी, एफ ६.५, म्हणजे तोंड ५५ मिमी. तुमच्या आजच्या लेन्सपेक्षा जेमतेम सात मिमी जास्त.

मग पी९५० मध्ये पक्षी एवढा मोठा का दिसतो? कारण त्याच्या सेन्सरवरचे पिक्सेल फार बारीक आहेत. हिशेब करून पाहा. पक्ष्याची लांबी सेंमीमध्ये, गुणिले फोकल लेंथ, भागिले मीटरमधलं अंतर, भागिले १००: सेन्सरवर पक्षी किती मिमीचा पडतो ते निघतं. छोटा खंड्या १७ सेंमी, अंतर २० मीटर. तुमच्या ३०० मिमीवर तो २.५ मिमीचा पडतो. डी५६०० चा पिक्सेल ३.९ मायक्रॉनचा, म्हणजे ६५० पिक्सेल. ५०० मिमीवर ४.२५ मिमी, सुमारे १,१०० पिक्सेल. पी९५० वर ३ मिमीचाच पडतो, पण पिक्सेल १.३४ मायक्रॉनचा असल्याने २,२०० च्या वर पिक्सेल भरतात. आकड्यात पी९५० जिंकला. मात्र एफ ६.५ ला प्रकाशाचा सगळ्यात बारीक ठिपकासुद्धा सेन्सरवर आठ-नऊ मायक्रॉन पसरतो, म्हणजे त्याचे सहा-सात पिक्सेल मिळून एकच गोष्ट सांगतात. खंड्या मोठा झाला, पण छातीवरचं पीस काही सुटं झालं नाही. ढगाळ दिवशी आयएसओ (सेन्सरची प्रकाशाची संवेदनशीलता) ८०० च्या वर गेलं की त्यावर रांगोळीसारखे ठिपकेही येतात.

तरी पी९५० ला नावं ठेवायची नाहीत. एक किलोच्या आत-बाहेर वजन, खांद्याला एक पट्टा, आणि पलीकडच्या काठावर बसलेलं बदक नक्की कोणतं हे ओळखण्यापुरता पुरावा घरी आणायचा, तर त्याच्याइतकं सोयीचं दुसरं काही नाही. पक्षीगणनेला जाणाऱ्यांनी तोच घ्यावा. त्याचं घोडं अडतं ते उडत्या पक्ष्यावर. पूर्ण झूमला ५० मीटरवर चौकटीत फक्त ९० सेंमी रुंदीचा तुकडा मावतो. त्यात उडता सुरय धरायचा म्हणजे नळीतून माशी शोधण्यासारखं आहे. लेन्सच्या बाजूला एक बटण आहे: ते दाबून धरलं की झूम मागे येतो, पक्षी मध्ये आणून सोडलं की पुन्हा पुढे जातो. पी९५० घेतलाच तर पहिल्या दिवशी बोटाला त्या बटणाची सवय लावा. आणि त्याचा बर्स्ट (सलग फोटोंचा वेग) सेकंदाला ७ असला तरी १० फोटोंत संपतो, मग कार्डावर लिहून होईपर्यंत थांबावं लागतं. वेडा राघू नेमका तेव्हाच चोचीत चतुर घेऊन फांदीवर परततो.

आता डी५६००. सेन्सर २४ मेगापिक्सेलचा आहे आणि चांगला आहे. तिथे काही कमी नाही. कमी आहे ती तीन ठिकाणी. फोकसचे बिंदू ३९, त्यांतले क्रॉस प्रकारचे (उभ्या-आडव्या दोन्ही रेषा धरणारे) फक्त ९, तेही मध्यभागी. बर्स्ट सेकंदाला ५. आणि फोकसची सूक्ष्म जुळवणी करण्याची सोय बॉडीत नाही. शेवटचा मुद्दा लोक विसरतात आणि मग लेन्सला दोष देतात. त्याच्याकडे खाली येतो. बसलेल्या पक्ष्याला यातलं काहीच आडवं येत नाही. मधला एकच बिंदू डोळ्यावर ठेवा, काम होतं.

एक हिवाळा गेल्यावर उडते फोटो कमी पडताहेत असं वाटलं, तर बॉडी बघा. वापरलेला डी५०० हा निकॉन वापरणाऱ्यासाठी अजूनही सोपा रस्ता: २०१६ चा आहे, पण १५३ फोकस बिंदू चौकटीच्या जवळजवळ कडेपर्यंत पसरलेत, सेकंदाला १० फोटो, बफर (कार्डावर जाण्याआधी फोटो थांबतात ती जागा) मोठा. पक्ष्याचा डोळा आपोआप ओळखणं त्याला येत नाही. ते हवं असेल तर निकॉन झेड५०-२ घ्या, त्यात पक्ष्यांसाठी वेगळी ओळख आहे. तुमची २००-५०० एफटीझेड अ‍ॅडॉप्टरने लागेल. त्या बॉडीत हाताचा कंप सावरणारी यंत्रणा नाही, पण लेन्समध्ये आहे, त्यामुळे अडत नाही. बॅटरी मात्र लवकर उतरते, दोन ठेवा.

कोरी पाटी असती तर कॅनन आर७ आणि अ‍ॅडॉप्टरवर ती जुनी ४०० एफ ५.६ ही जोडी सुचवली असती: लेन्स फक्त सव्वा किलोची, तिला स्थिरीकरण नाही पण आर७ च्या बॉडीत आहे. आर७ चा सेकंदाला ३० वाला मूक शटर उडत्या पक्ष्यासाठी वापरू नका. सेन्सर ओळीओळीने वाचला जातो आणि पंख वाकडे येतात. यांत्रिक शटरचे १५ भरपूर झाले. आर१० आणि आरएफ १००-४०० ही जोडी किलोभराची, चालायला छान, पण तोंड ५० मिमी. म्हणजे तुम्ही आज जिथे आहात तिथेच, फक्त फोकस हुशार. सोनीचा आरएक्स१० मार्क ४ बऱ्याच जणांना खुणावतो. त्याचं तोंड २२० भागिले ४, म्हणजे पुन्हा ५५. फोकस मात्र पी९५० च्या कितीतरी पुढे.

डोळा ओळखणाऱ्या फोकसबद्दल एक शंका मनात ठेवा. मोकळ्या आकाशात, पाण्यावर तो कमाल करतो. बाभळीच्या काटक्यांत बसलेल्या शिक्र्यावर तो अनेकदा पुढची काटकी धरतो, आणि मागच्या पडद्यावर लहान चित्र पाहून ते कळतही नाही. तिथे ती ओळख बंद करून सगळ्यात लहान बिंदूच बरा.

आता खानदेशाचा खरा अडथळा. तो कॅमेऱ्यात नाही, हवेत आहे. हतनूरच्या काठावर डिसेंबरात सकाळी नऊ-साडेनऊनंतर चिखलाची पट्टी आणि काळी जमीन तापायला लागते, पाणी थंड असतं, आणि त्या दोघांच्या मधली हवा तरळते. डोळ्याला काही दिसत नाही; ५०० मिमीतून मात्र १०० मीटरवरचा चक्रवाक पाण्यात पडलेल्या प्रतिबिंबासारखा हलतो. मार्चनंतर हे आठ वाजताच सुरू होतं. याच्यावर महागडी लेन्स हा उपाय नाही. उलट जितकी लांब लेन्स तितकं ते ठळक. १.४ पटीचा टेलिकन्व्हर्टर (लेन्स आणि बॉडीच्या मध्ये बसणारी, चित्र मोठं करणारी काच) लावून तर नुसता एक स्टॉप, म्हणजे निम्मा प्रकाश जातो आणि तरळणारी हवा १.४ पट मोठी होते. दोनशे मीटरवरच्या थव्यासाठी कॅमेरा घ्यायचा विचार असेल तर तो सोडून द्या. सूर्य उगवायच्या आधी काठाशी जाऊन बसा आणि पक्षी ३०-४० मीटरवर येऊ द्या.

फोटो खराब आला तर दोष कोणाचा, हे ओळखायची रीत अशी. सलग १० फोटो काढा आणि पूर्ण मोठे करून बघा. दहातले एक-दोन बरे, बाकीचे वेगवेगळ्या तऱ्हेने लवलवलेले, कडा नागमोडी: हवेचा दोष. सगळे एकाच दिशेला ओढल्यासारखे: हात हलला किंवा शटर कमी पडला. पक्षी मऊ पण त्याच्या पुढचं किंवा मागचं गवत धारदार: फोकसचा दोष. एक चौथा प्रकारही आहे, आणि तो फसवा. एसी गाडीतून काढलेली गार लेन्स गरम हवेत आली की हूडच्या आतच हवा तरळते. जवळचा पक्षीसुद्धा मऊ येतो. वीस मिनिटं सावलीत, हूड काढून ठेवा. गाडीच्या खिडकीतून काढताना एसी आणि इंजिन दोन्ही बंद करा, नाहीतर बॉनेटवरची गरम हवा मध्ये येते.

जंगलात हिशेब उलटा. तिथे अंतर कमी, प्रकाशाची बोंब. रानपिंगळ्याचंच, म्हणजे त्या दुर्मिळ छोट्या घुबडाचंच घ्या. १८८४ नंतर ज्याचा पत्ता नव्हता तो हा पक्षी नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळच्या सातपुड्याच्या पायथ्याशी पुन्हा सापडला (तेव्हा नंदुरबार जिल्हा व्हायचा होता, शहादा धुळ्यातच होतं). तो दिवसा शिकार करतो, त्यामुळे फ्लॅशचा प्रश्नच येत नाही. उंची २३ सेंमी. १५ मीटरवर ५०० मिमीने तो चौकटीची निम्मी उंची भरतो. याहून लांब लेन्स लागतच नाही. पण सागाच्या सावलीत सकाळी एफ ५.६ ला शटर १/२५० ठेवला तरी आयएसओ १६०० च्या आसपास जातो. इथे ८९ मिमीचं तोंड आणि मोठा सेन्सर आपली किंमत वसूल करतात. तो शांत बसतो, मध्येच मान फिरवतो. त्यामुळे १/२५० ला पाच-पाच फोटोंचे तुकडे घेतले की एखादा स्थिर मिळतोच. मोबाइलवर त्याचा आवाज वाजवून त्याला जवळ बोलवू नका. तो शत्रू आला समजून ढोली सोडतो.

वापरलेली २००-५०० घेताना तुमचा डी५६०० बरोबर घेऊन जा. ही अट सोडू नका. लेन्स नुसती हातात फिरवून पाहणं म्हणजे बैल दात न पाहता घेणं.

आधी मोबाइलचा टॉर्च पुढच्या तोंडातून आत मारा आणि मागच्या बाजूने तिरकं बघा. चार-दोन धुळीचे कण चालतात. कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढुरके धागे, किंवा कडेकडून आत शिरणारी जाळी दिसली तर ती बुरशी. भाव पाडून दिला तरी नको. मग झूमची कडी २०० ते ५०० फिरवा: फिरवणं लांबलचक असतं, मनगट दोनदा वळवावं लागतं, ते तसंच आहे; पण मध्येच अडकणं किंवा करकरणं चालणार नाही. फोकस मर्यादेचा खटका ‘६ मीटर ते अनंत’ वर ठेवून जवळ-दूर असा वीस वेळा फोकस करवा. एकदाही अडखळला तर कारण विचारा. कंपनरोधक चालू करून शटर अर्धा दाबा. व्ह्यूफाइंडरमधलं चित्र एका क्षणात तरंगून स्थिर व्हायला हवं.

मग भिंतीवर वर्तमानपत्राचं पान चिकटवा, नऊ-दहा मीटरवरून ५०० मिमी, एफ ५.६. कॅमेरा घट्ट टेकवून एक फोटो व्ह्यूफाइंडरने फोकस करून काढा, एक लाइव्ह व्ह्यूने, म्हणजे मागच्या पडद्यावर बघून. लाइव्ह व्ह्यूचा धारदार आणि व्ह्यूफाइंडरचा मऊ आला, तर लेन्स चांगली आहे पण तुमच्या बॉडीशी तिची जुळवणी चुकते आहे. डी५०० किंवा डी७५०० असता तर मेनूत जाऊन दोन मिनिटांत दुरुस्त झाली असती. डी५६०० मध्ये ती सोय नाही, म्हणून हीच लेन्स दुसऱ्या कोणासाठी उत्तम आणि तुमच्यासाठी डोकेदुखी ठरू शकते. दोन्ही मऊ आले तर लेन्सच बिघडलेली. चार कोपऱ्यांतली अक्षरंही ताडून बघा; एकच कोपरा पुसट म्हणजे पडल्याने आतली काच सरकली आहे. मूळ बिल मागा, त्यावरचा अनुक्रमांक लेन्सवरच्याशी जुळवा. पुढे बॉडी घ्याल तेव्हा शटरची मोजणीही बघा: निकॉनच्या ताज्या फोटोच्या माहितीत ती मिळते, डी५०० चा शटर २ लाखांपर्यंत तपासलेला असतो.

पुणे-मुंबईला जाणं होत असेल तर हीच लेन्स दोन दिवस भाड्याने घेऊन बघा. २.३ किलोचं ओझं तुमच्या मानेला झेपतं का, ते कोणाच्या लेखातून कळत नाही.

सेटिंग फार नाहीत. मॅन्युअल मोड, ऑटो आयएसओ, वरची मर्यादा ३२००, एफ ५.६. बसलेला पक्षी १/५००, चुळबुळ्या असेल तर १/१०००, उडता १/२००० च्या वर. फोकस सतत चालणारा ठेवा. बगळा गडद पाण्यावर असला तर एक्स्पोजर उणे १, नाहीतर त्याची पिसं पांढऱ्या कागदासारखी होतात. पाणकावळा आकाशासमोर असला तर अधिक १. रॉ (RAW) फाइलमध्ये डी५६०० चा बफर लवकर भरतो, म्हणून बोट दाबून धरायचं नाही, तीन-तीनचे ठोके द्यायचे. कार्ड साधं पण अस्सल घ्या. डी५६०० ला महागड्या यूएचएस-२ कार्डाचा काहीच फायदा नाही.

ट्रायपॉडपेक्षा पिशवी बरी. जाड कापडाची, दोन किलो दादर (रब्बी ज्वारी) भरलेली, गाडीच्या खिडकीवर किंवा धरणाच्या दगडी काठावर ठेवली की ५०० मिमी जागची हलत नाही. पावसाळ्यात दादर काढून ठेवा. ओल धरते, पोरकिडे होतात. मोटारसायकलवर लेन्स डिकीत टाकू नका, पाठीवर घ्या. रस्त्याच्या धक्क्याने लेन्सच्या पायाचे आणि माउंटचे स्क्रू सैल होतात, आणि तो दोष फोकस बिघडल्यासारखा दिसतो.

बहुतेक कॅमेऱ्यांच्या माहितीपत्रकात काम करण्याचं तापमान ० ते ४० अंश दिलेलं असतं. भुसावळ-जळगावच्या मे महिन्यात सावलीतच त्याच्या वर जातं, बंद गाडीत तर विचारू नका. दुपारी कॅमेरा ओल्या पंचात नव्हे, कोरड्या पांढऱ्या कापडात गुंडाळून पायाशी ठेवा. फुफाट्याच्या रस्त्यावर लेन्स बदलू नका. बॉडी खाली तोंड करून, पाठ वाऱ्याकडे, आणि तेही खरंच गरज असेल तरच. जून ते सप्टेंबर मात्र काळजी बुरशीची. लेन्स बॅगेत ठेवून कपाटात बंद करणं हा सगळ्यात वाईट प्रकार. झाकण घट्ट बसणारा प्लॅस्टिकचा डबा, आत पाव किलो निळं सिलिका जेल आणि आर्द्रता दाखवणारं छोटं यंत्र. काटा ४० ते ५० च्या मध्ये राहिला पाहिजे. जेल गुलाबी झालं की तव्यावर मंद आचेवर परत निळं होईपर्यंत फिरवा (स्वयंपाकाचा तवा नको, वेगळा ठेवा). पंधरा दिवसांतून एकदा लेन्स उजेडात काढून वापरा.

आणि ती ७०-३०० विकू नका. चारशे ग्रॅमच्या आसपासची लेन्स, विकून हाती फारसं येणार नाही. दादरच्या कणसांवर उतरणारा भोरड्यांचा थवा ५०० मिमीत मावत नाही, तो १०० ला काढायचा असतो. सगळा थवा एकाच वेळी वळतो तेव्हा शटर १/१६०० ठेवा आणि फोकस थव्याच्या पुढच्या कडेवर.